'मला दुःख नाही, मी फक्त जुना झालोय'

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन निवडली आहेत. तिन्ही साठीपुढच्या माणसांची किंवा त्यांच्याविषयीची आहेत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न : डॉक्टरबाई, मी ७२ वर्षांचा, निवृत्त तलाठी. नोकरीत असताना सकाळी माझा चहा होण्याआधी ओट्यावर चार माणसं बसलेली असायची. कुणाला सातबारा, कुणाला आठ-अ, कुणाची वारसनोंद अडकलेली. आता उतारा मोबाइलवर निघतो, पीकपाहणी शेतकरी स्वतः फोटो काढून करतो आणि 'तलाठी' हे नावसुद्धा जाऊन 'ग्राम महसूल अधिकारी' झालं. त्याबद्दल तक्रार नाही, काळ बदलायचाच. पण गेले पाच-सहा महिने पहाटे साडेतीनला जाग येते आणि छातीत धडधडत पडून राहतो. जेवणाला चव नाही. वजन सहा किलो उतरलं. भजनाला जाणं सोडलं. मुलानं ईसीजी, सोनोग्राफी, शुगर सगळं करून घेतलं, सगळं नॉर्मल. 'वय झालं, चालायचंच,' असं डॉक्टर म्हणाले. आता सून म्हणते, मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवू. मी रडत नाही. मला कसलं दुःख नाही. मुलगा-सून चांगली आहेत, पेन्शन वेळेवर येते. फक्त आता माझा उपयोग उरला नाही, हे मला कळतं. घरात मी सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यातल्या कर्जाच्या बोजासारखा आहे. जे खरं आहे ते मान्य करणं हा आजार कसा? देवानं आता उचलावं, एवढंच वाटतं.

उत्तर : भाऊसाहेब (गावात तुम्हाला हेच म्हणत असणार), तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. बाकीचं सगळं थोडं थांबू शकतं, ते नाही. 'देवानं उचलावं' हे आपल्याकडे म्हातारी माणसं उठता-बसता म्हणतात, म्हणून घरचे ऐकून सोडून देतात. मी सोडत नाही, सरळ विचारते : देवानं उचलावं इतकंच वाटतं, की आपणच काही करून घ्यावं असंही मनात येतं? कसं करायचं याचा विचार झालाय? आपणच काही करून घ्यावं असं मनात येत असेल किंवा कसं करायचं याचा विचार झाला असेल, तर हे पान बाजूला ठेवून आजच मुलाला सांगा आणि आजच डॉक्टरांकडे जा. रात्र असेल तर १४४१६ हा 'टेली-मानस'चा सरकारी नंबर लावा. तो चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. मुलालाही माझा निरोप द्या : घरात फवारणीचं औषध असेल तर ते आजच घराबाहेर, कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे. शेतकरी घरात मी ही सूचना प्रत्येकाला करते, तुम्हाला वेगळी केली असं समजू नका.

आता तुमचा प्रश्न. रडू येत नाही म्हणजे नैराश्य नाही, असं तुम्ही धरून चालला आहात. तरुण माणूस येऊन सांगतो, 'मला फार वाईट वाटतंय.' सत्तरीतला माणूस, त्यातून पुरुष, असं जवळजवळ कधीच म्हणत नाही. तो पोट साफ होत नाही म्हणतो, डोकं हलकं वाटतं म्हणतो, झोप नाही म्हणतो, आणि निघताना चप्पल घालता घालता म्हणतो, 'आता आमचं काय राहिलंय?' आजार बहुतेक वेळा त्या चपलेपाशी सापडतो. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिनं २०१७-१८ मध्ये देशभर 'लासी' नावाची मोठी पाहणी केली. प्रश्न विचारून तपासलं तेव्हा साठीपुढच्या ८.३ टक्के लोकांमध्ये नैराश्याची लक्षणं दिसली. 'मला हा आजार आहे असं डॉक्टरांनी सांगितलंय' म्हणणारे होते ०.८ टक्के. म्हणजे दहातल्या नऊ जणांच्या आजाराला कुणी आजार म्हटलंच नव्हतं. त्यातल्या बऱ्याच जणांना तुमच्यासारखंच 'वय झालं' हे उत्तर मिळालं असणार.

तुमच्या पत्रात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच नोंदीत गेल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करू. गुडघे, नाव पटकन न आठवणं, झोप हलकी होणं, हे वयाचं. ओट्यावर कुणी बसलेलं नसणं, हे निवृत्तीचं आणि बदललेल्या कामाचं. त्याची रुखरुख वाटणं रास्त आहे, मलाही वाटेल. पण पहाटे जाग आल्यावर धडधडणं, चव जाणं, सहा किलो वजन उतरणं, आवडत्या भजनातून मन उठणं आणि हे सगळं एकदम सुरू होऊन महिनोन् महिने टिकणं, हे वयाचं नव्हे. वय पाच महिन्यांत येत नाही. तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला अंदाज आहे की सकाळ सगळ्यात जड जाते आणि दिवेलागणीनंतर जरा बरं वाटतं. तसं असेल तर निदानाला आणखी आधार मिळतो.

राहिला 'माझा उपयोग नाही' हा विचार. तो तुम्ही वस्तुस्थिती म्हणून लिहिलाय, मी तो लक्षणांच्या यादीत धरते. अमेरिकेत स्टॅनफर्डचे डॉक्टर येसावेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खास वृद्धांसाठी एक प्रश्नावली बनवली. आधी तीस प्रश्नांची होती, १९८६ मध्ये पंधराची झाली. उत्तरं फक्त हो किंवा नाही. गंमत म्हणजे त्यात झोप, भूक, वजन यांच्याबद्दल जवळजवळ काही विचारलेलंच नाही, कारण म्हातारपणी अंग कशानंही दुखतं, त्यावरून मनाचं कळत नाही. विचारलंय ते असं : आयुष्य रिकामं वाटतं का? कामं, आवडी सोडून दिल्यात का? बाहेर पडण्यापेक्षा घरीच बसावंसं वाटतं का? बाकीच्यांचं आपल्यापेक्षा बरं चाललंय असं वाटतं का? आणि, आज आहात तसे तुम्ही स्वतःला कवडीमोलाचे वाटता का? मी हे प्रश्न वाचून दाखवते तेव्हा 'दुःखी आहात का' याला ठाम 'नाही' म्हणणारी माणसं कवडीमोलाच्या प्रश्नाला क्षणभर थांबतात आणि मान हलवतात. तुम्ही तो प्रश्न न विचारताच उत्तर पाठवलंत.

तुम्ही आयुष्यभर फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदींतले बदल, लिहिले. फेरफार तुम्ही लिहायचात, पण प्रमाणित मंडळ अधिकारी करायचा. मध्ये हितसंबंधितांना नोटीस निघायची, हरकतीला पंधरा दिवस मिळायचे. स्वतःच्या नावावरचा हा बोजा मात्र तुम्ही पहाटे साडेतीनला एकट्यानं लिहिला आणि एकट्यानंच प्रमाणित केला. मुलाला, सुनेला, नातवंडांना नोटीस गेली? त्यांची हरकत ऐकली? आणि ऐकली तरी आज पटणार नाही, कारण नैराश्यात मन पुरावा एकाच बाजूचा घेतं. म्हणून मी तुमच्याशी वाद घालत बसणार नाही. आधी आजार उतरवू, मग नोंद पुन्हा वाचू.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. म्हातारपण म्हणजे अडगळ, हे मत तुम्ही बहात्तराव्या वर्षी बनवलेलं नाही. ते आपण तिशीत बनवतो, दुसऱ्यांच्या म्हातारपणाकडे बघून. कचेरीत थरथरत्या हातानं अंगठा द्यायला आलेल्या आजोबांना 'तुम्ही बसा हो, पोराला पाठवा' म्हणताना आपल्याला काही वाटत नाही. मग ते मत मुकाट आपल्याच पत्त्यावर येतं. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ऑक्सफर्ड गावात पन्नाशीपुढच्या ६६० लोकांना स्वतःच्या वाढत्या वयाबद्दल काय वाटतं ते विचारून ठेवलं होतं. 'वय वाढेल तसा माणूस कमी उपयोगाचा होतो,' हे पटतं का, असाही प्रश्न त्यात होता. पुढे येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही यांनी २३ वर्षांपर्यंतचा हिशोब मांडला आणि २००२ मध्ये प्रसिद्ध केला. स्वतःच्या म्हातारपणाबद्दल बरं मत असलेले सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले. यावरून कुणी 'चांगला विचार करा आणि दीर्घायुषी व्हा' असं सांगायला लागलं तर त्याच्यापासून लांब राहा. एक दुसऱ्याला कारण ठरतंच असं यातून सिद्ध होत नाही. पण स्वतःबद्दलचं मत ही फुकटची, बिनपरिणामाची गोष्ट नाही, इतकं यावरून म्हणता येतं.

आता काय करायचं ते. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्याआधी चार तपासण्या झाल्यात का बघा : थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन आणि सोडियम. थायरॉइड मंदावलं किंवा बी-१२ खूप कमी झालं तरी माणूस असाच बसून राहतो. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक आणि मेडिकलवाल्यानं दिलेल्याही. औषध सुरू झालं तर ते कमी डोसनं सुरू होईल आणि हळू वाढेल. ही गोळी डोकेदुखीच्या गोळीसारखी तासाभरात काम करत नाही. चार ते सहा आठवडे लागतात, तुमच्या वयात कधी त्याहून जास्त. पहिल्या आठवड्यात मळमळ होऊ शकते. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण या औषधांनी म्हाताऱ्या माणसांत सोडियम उतरू शकतं आणि ते सुरुवातीच्या काही आठवड्यांत तपासावं लागतं. सवय लागेल ही भीती सगळ्यांना असते. नैराश्याच्या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. पण बरं वाटलं म्हणून मनानं एकदम बंदही करायच्या नाहीत. बरं झाल्यावरही काही महिने घ्याव्या लागतात आणि मग हळूहळू कमी करतात. शेजाऱ्यांची झोपेची गोळी मात्र घेऊ नका. रात्री लघवीला उठताना तोल जातो, खुब्याचं हाड मोडतं आणि मग खरोखरच दुसऱ्याच्या हातानं जगावं लागतं.

गोळीबरोबर एक काम. लोक तुम्हाला 'मन रमवा' म्हणतील, त्याचा काही उपयोग नाही; रमत असतं तर तुम्ही पत्र लिहिलं नसतं. इच्छा होण्याची वाट बघू नका, या आजारात आधी हातपाय हलतात आणि इच्छा मागून येते. मंगळवारी भजनाला जा. गायचं नाही. कोपऱ्यात बसायचं, अर्ध्या तासानं उठून घरी यायचं. जाण्याआधी वहीत लिहा, 'किती बरं वाटेल, दहापैकी?' आल्यावर लिहा, 'किती वाटलं?' तुमचं अक्षर आणि तुमचा आकडा, मी काही सांगायची गरज राहणार नाही.

तुमच्या मनात आलं असेल, की बाई आता म्हणणार, गावात मोफत सल्ला द्या. म्हणणार आहे, पण आज नाही. उतारा मोबाइलवर निघतो हे खरं, पण तो वाचता किती जणांना येतो? पोटहिस्सा कुठे गेला, जुना सोसायटीचा बोजा फिटूनही का दिसतो, १९७० सालच्या फेरफारात नाव कसं सुटलं, हे सांगणारा माणूस गावाला हवा आहे. मात्र हे काम दोन-तीन महिन्यांनी, झोप आणि भूक परत आल्यावर. आज सुरू केलंत आणि एखादा गट नंबर चुकला, तर त्याचाच पुरावा कराल.

प्रश्न : माझी आई ६७ वर्षांची, साताऱ्याजवळ गावी एकटी राहते. मी पुण्यात नोकरी करते. बाबा जाऊन दहा महिने झाले. आई शिवणक्लास घ्यायची, आता मशीनवर कापड टाकून ठेवलंय. सारखी म्हणते, 'मला काही आठवत नाही, माझ्या सासूबाईंसारखं होणार बघ.' न्यूरॉलॉजिस्टनी एमआरआय केला, वयाच्या मानानं ठीक आहे म्हणाले. लग्नकार्याला येत नाही. म्हणते, 'मी समोर आले तर लोकांना बरं वाटत नाही.' मी रोज फोनवर पॉझिटिव्ह राहा म्हणून सांगते, ती 'हो हो' म्हणते.

उत्तर : ताई, विसरण्याचं आधी. स्मृतिभ्रंश सुरू होतो तेव्हा बहुतेक वेळा तक्रार घरचे करतात आणि तो माणूस 'मला काही झालेलं नाही' म्हणतो. नैराश्यात उलट दिसतं : माणूस स्वतःच विसरण्याचा धोशा लावतो आणि काही विचारलं की प्रयत्न न करता 'माहीत नाही' म्हणून हात टेकतो. तुमच्या आईचं वर्णन दुसऱ्या बाजूला झुकतंय. पण हा ठोकताळा आहे. उतारवयातलं पहिलंच नैराश्य कधी कधी पुढच्या स्मृतिभ्रंशाची चाहूल असते, म्हणून नैराश्यावर उपचार होऊन ती सावरली की स्मरणशक्तीची चाचणी पुन्हा करून घ्या. थायरॉइड आणि बी-१२ तपासा. कान तपासा. अर्धं ऐकू येणारं माणूस अर्धंच लक्षात ठेवतं, हे आपल्या लक्षात येत नाही.

दहा महिन्यांनी दुःख असणारच. दुःख लाटेसारखं येतं-जातं. मधेच बाबांची एखादी आठवण निघाली की हसूही येतं. आणि शोकातला माणूस म्हणतो, 'ते गेले, जग सुनं झालं.' 'मीच कुचकामी,' असं तो सहसा म्हणत नाही. आई काय म्हणते ते कान देऊन ऐका. शब्द बाबांबद्दलचे असतील तर वेळ द्या. ते स्वतःबद्दलचे व्हायला लागले असतील, आणि मशीनही बंद असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. साताऱ्यात जिल्हा रुग्णालयातही विचारता येईल.

आता तिचं 'लोकांना बरं वाटत नाही'. वरच्या पत्रातल्या भाऊसाहेबांना मी सांगितलं, की तुमची नोंद आजारानं लिहिली आहे. तुमच्या आईबद्दल मला तसं सरसकट म्हणता येत नाही. तिला हळदीकुंकवाचं बोलावणं यायचं बंद झालं असेल. डोहाळजेवणात कुणी तरी 'तुम्ही मागे बसा हं' म्हटलं असेल. बायका ते शब्दानंही करत नाहीत, नजरेनं करतात. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य सरकारनं इतर गावांनाही तसं करण्याचं आवाहन केलं. ठराव करावा लागतो, याचाच अर्थ त्या प्रथा जिवंत आहेत. तुमची आई काही कल्पना करत नसेल. तिनं जे पाहिलं तेच ती सांगत असेल.

म्हणून तिला विचार बदलायला सांगणं थांबवा. तुम्ही 'पॉझिटिव्ह राहा' म्हटलं की तिला ऐकू येतं, 'मला हे ऐकवू नकोस.' मग ती 'हो हो' म्हणणारच. त्याऐवजी मावशीला आणि चुलतबहिणींना फोन करा. घरातल्या पुढच्या कार्यात औक्षण आईनं करायचं, हे आधी ठरवून टाका आणि कुणी कुजबुजलं तर तुम्ही बोला, तिला बोलायला लावू नका. तिला टिकली लावायची असेल तर लावू दे, नको असेल तर तोही आग्रह नको. आणि मशीनसाठी एक खरं काम द्या. 'वेळ जाईल' म्हणून नको, तिला ते लगेच कळेल. तुमचं स्वतःचं अस्तराचं ब्लाउज बेतायला द्या, पुण्यातल्या शिंप्यानं काखेत घट्ट केलेलं जुनं सोबत पाठवा आणि तारीख सांगा. उशीर झाला तर रागवा. तिला गेल्या दहा महिन्यांत कुणी रागावलेलं नसेल.

प्रश्न : आमचा ज्येष्ठ नागरिक संघ तळकोकणात आहे. योग, सहली, वाढदिवस सगळं चालतं. पण काही सभासद येईनासे होतात. इथे मानसोपचारतज्ज्ञ महिन्यातून एकदा येतो. आम्ही साधी माणसं काय करू शकतो?

उत्तर : बरंच काही. तुमच्या शेजारी गोव्यातच हे करून पाहिलं आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या साठीपुढच्या १८१ लोकांना निवडलं. नैराश्याची सुरुवात होती, पूर्ण आजार नव्हता. निम्म्यांना प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी भेटून मदत केली. ते डॉक्टर नव्हते. अडचणी एकेक करून सोडवायला शिकवणं, झोपेच्या सवयी, मधुमेहाची काळजी, सरकारी योजनेचा अर्ज भरून देणं, असं साधंच काम. वर्षभरात या गटातल्या ९१ पैकी ४ जणांना नैराश्याचा आजार झाला, नेहमीचे उपचार मिळालेल्या ९० पैकी १३ जणांना. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

तुमच्या हजेरीपटावर लागोपाठ तीन सभांना न आलेली नावं काढा आणि घरी जा. फोनवर सगळे 'बरं आहे' म्हणतात. दोघांनी जा, त्यातला एक तरी त्यांच्या ओळखीचा हवा. उपदेश नको. पेन्शनचा हयातीचा दाखला राहिलाय का, डोळ्यांचा चष्मा मोडलाय का, ऐकायचं यंत्र पेटीत पडलंय का, हे विचारा आणि करून द्या. मृत्यूचं बोलणं निघालं तर विषय बदलू नका, विचारा. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइनही आहे.

आणि एक खटकतं ते सांगते. बहुतेक संघांत सत्कार होतो तो ऐंशीव्या वर्षी गड चढणाऱ्याचा. होऊ दे बापडा. पण काठी टेकत दोन जिने उतरून सभेला येणारा मागच्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवतो आणि घरी जाताना स्वतःला आणखी खालच्या रांगेत घालतो. पुढच्या वेळी तो का येत नाही, हे कोडं उरत नाही. वरच्या पंधरा प्रश्नांची मराठी प्रत हवी असल्यास मासिकाच्या पत्त्यावर लिहा, पाठवीन. मात्र ती सभागृहात सगळ्यांकडून हात वर करून भरून घेऊ नका. एकेकाला बाजूला बसवून, दार लोटून विचारा.